ओढायचं किती, थांबवायचं किती

अमेरिकेत पिकअप ट्रकच्या जाहिरातीत एक आकडा बाकी सगळ्यांपेक्षा मोठ्या टायपात छापलेला असतो: ही गाडी किती वजनाचा ट्रेलर ओढते. फोर्डच्या २०२४ च्या एफ-१५० साठी तो १३,५०० पौंड आहे, म्हणजे सहा टनांहून थोडा जास्त. त्याच कंपनीच्या २०२३ च्या सुपर ड्यूटी मालिकेत तो ४०,००० पौंडांवर, म्हणजे अठरा टनांवर गेला. शेव्हरोले, रॅम, टोयोटा, सगळ्यांची यात चढाओढ चालते. एकाने आकडा वाढवला की पुढच्या मोसमात दुसरा त्याच्यावर कडी करतो. गिऱ्हाईकही शोरूममध्ये येतं ते हाच आकडा तोंडपाठ करून.

हा आकडा मुळात मर्यादा म्हणून ठरवला गेला, पण वापरला जातो तो हक्क म्हणून. कमाल पाच टन लिहिलंय, माझा ट्रेलर पावणेपाच टनांचा आहे, म्हणजे मी नियमात आहे, असा सरळ हिशोब लाखो माणसं करतात. तो हिशोब बहुतेक वेळा चुकलेला असतो, आणि त्या चुकीची किंमत चालवणाऱ्याबरोबर शेजारच्या लेनमधल्या, समोरून येणाऱ्या, घाटाच्या पायथ्याशी सिग्नलला थांबलेल्या माणसांनाही मोजावी लागते. गाडी किती ओढेल हा प्रश्न विचारायला सोपा आणि विकायला सोयीचा आहे. खरा प्रश्न दुसरा आहे: भरलेली गाडी, आत बसलेलं कुटुंब आणि मागचा ट्रेलर, हे सगळं सर्वांत वाईट क्षणी ताब्यात राहील का?

आपल्याकडे पिकअप म्हटलं की डोळ्यांसमोर भाजीपाला, सिमेंटची पोती, मंडपाचं सामान वाहणारी गाडी येते. अमेरिकेत पिकअप ही घरगुती गाडी आहे. त्यात चार दारं, मागे मुलांच्या सीट, चामड्याची आसनं, छताला काच. आठवडाभर ती ऑफिसला आणि शाळेला जाते आणि सुट्टीच्या दिवशी तिच्या मागे आठ-नऊ मीटर लांबीचं फिरतं घर जोडलं जातं: स्वयंपाकघर, न्हाणीघर, पाच-सहा जणांची झोपायची सोय, पाण्याची टाकी, गॅसची नळकांडी. कुणी घोडे नेतं, कुणी बोट, कुणी छोटा एक्स्कॅव्हेटर. आणि हे सगळं साध्या मोटारीच्या परवान्यावर चालतं. गाडी आणि ट्रेलर मिळून २६,००० पौंडांपर्यंत, म्हणजे जवळजवळ पावणेबारा टनांपर्यंत, केंद्रीय नियमाप्रमाणे व्यावसायिक परवाना लागत नाही. कॅलिफोर्नियासारखं एखादं राज्य १०,००० पौंडांवरच्या ट्रेलरसाठी वेगळी परीक्षा घेतं, पण तो अपवाद. बाकी ठिकाणी सोळाव्या वर्षी छोट्या मोटारीवर परीक्षा दिलेला माणूस चाळिसाव्या वर्षी ट्रेलर विकत घेऊन त्याच दिवशी महामार्गावर येऊ शकतो. मागे वजन जोडल्यावर गाडी कशी वागते, हे त्याला आयुष्यात कुणी शिकवलेलं नसतं. त्याच्या हातात असतो तो जाहिरातीतला आकडा.

आता हिशोब मांडून पाहू. साधी पूर्ण आकाराची, चार दारांची, फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप घेऊ. कागदावर तिची ओढायची क्षमता ५,००० किलो. चालकाच्या बाजूचं दार उघडलं की चौकटीवर एक पिवळसर स्टिकर असतो. त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून अमुक किलोंपेक्षा जास्त कधीही होता कामा नये. अशा गाडीत तो आकडा साधारण ७२५ असतो. ट्रेलर ४,३०० किलोंचा धरू, कमाल आकड्याच्या बराच खाली. पण ट्रेलरचं सगळं वजन त्याच्या स्वतःच्या चाकांवर नसतं. त्याचा दांडा गाडीच्या मागच्या हिचवर टेकतो, आणि ट्रेलर सरळ चालायचा तर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के तिथे यावंच लागतं. १३ टक्के धरले तर ५६० किलो झाले. हे वजन गाडी ओढत नाही, पाठीवर वाहते. मग ७२५ मधून ५६० गेले, उरले १६५. वजन वाटून देणारी जड हिच बसवली तर तिचे ४५ गेले, उरले १२०. त्या १२० किलोंत चालक, त्याची बायको, दोन मुलं, कुत्रा, सायकली आणि बर्फाची पेटी बसवायची आहे. दोघं बसले की हिशोब संपतो.

कंपनीने खोटं सांगितलेलं नसतं, पण जाहिरातीतला सर्वांत मोठा आकडा बहुधा त्या मालिकेतल्या एका ठरावीक गाडीचा असतो: ठरावीक इंजिन, ठरावीक गिअरगुणोत्तर, कमीत कमी साजशृंगार. गिऱ्हाईक विकत घेतं ती मात्र काचेच्या छताची, मोठ्या चाकांची, सर्व सोयींनी भरलेली. त्या प्रत्येक सोयीचं वजन त्या ७२५ मधूनच वजा होत जातं. म्हणजे एकाच नावाच्या दोन गाड्या शेजारी उभ्या असल्या, तर महागडी गाडी बऱ्याचदा कमी वाहते. मालकाच्या हे ध्यानात येत नाही, कारण स्टिकर दाराच्या चौकटीत आहे आणि जाहिरात महामार्गावरच्या फलकावर.

हा आकडा ठरतो कसा, त्याची हकीकत सांगण्यासारखी आहे. बरीच वर्षं प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने आकडा ठरवत होती, त्यामुळे दोन गाड्यांची तुलना करायला अर्थच नव्हता. २००८ मध्ये मोटार अभियंत्यांच्या एसएई या संस्थेने जे-२८०७ नावाचं प्रमाण प्रसिद्ध केलं. त्यात एक चढ नेमलेला आहे: अॅरिझोनातला, डेव्हिस धरणाकडून वर जाणारा, सुमारे १८ किलोमीटरांचा. बाहेर ३८ अंशांचा उन्हाळा, एसी पूर्ण चालू, मागे कमाल वजनाचा ट्रेलर, आणि साध्या पिकअपने पूर्ण चढभर ताशी ४० मैलांच्या खाली येता कामा नये. बारा टक्के चढावर थांबून पुन्हा पुन्हा निघून दाखवायचं, पुढेही आणि मागेही. अर्ध्या मिनिटात थांबलेल्या अवस्थेतून ताशी ६० मैल गाठायचे. टोयोटाने २०११ च्या टुंड्रापासून हे प्रमाण स्वीकारलं, आणि तिच्या काही मॉडेलांचे आकडे त्यामुळे कमी झाले. बाकीच्या कंपन्या मात्र एकमेकींची वाट पाहत राहिल्या, कारण आपला आकडा आधी उतरवायची कुणाची तयारी नव्हती. अमेरिकेतल्या तिन्ही मोठ्या कंपन्यांच्या पिकअप या प्रमाणाखाली यायला २०१५ ची मॉडेलं उजाडली.

प्रमाण चांगलं आहे आणि ते आल्याने मनमानी थांबली, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण त्यातला भर कुठे आहे ते पाहा. चढणं, निघणं, वेग घेणं यांच्या कसोट्या खडतर आहेत. थांबायची कसोटी मात्र ताशी २० मैलांवरून, म्हणजे गल्लीतल्या वेगावरून, ८० फुटांत थांबून दाखवायची आहे. चाचणीसाठी गाडीत बसवलेली माणसं दोन, प्रत्येकी १५० पौंडांची, म्हणजे ६८ किलोंची. मागच्या सीटवर कुणी नाही, सामानाच्या जागेत नावापुरतं काहीतरी. ही कसोटी पास झालेली गाडी आणि जुलैत चार माणसं, लाकडं, जनरेटर, सायकली घेऊन डोंगराकडे निघालेली गाडी, या दोन वेगळ्या गाड्या आहेत.

मी कोलोरॅडोत राहतो, तेव्हा उताराबद्दल जरा सविस्तर लिहितो. डेन्व्हरहून पश्चिमेला जाणारा आय-७० महामार्ग रॉकी पर्वताच्या धारेखालून आयझेनहॉवर बोगद्यातून जातो. हा बोगदा समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटरांवर आहे. बाहेर पडलं की सिल्व्हरथॉर्न गावापर्यंत तेरा किलोमीटरांच्या आसपास उतारच उतार, काही ठिकाणी सात टक्के. या पट्ट्यात रस्ता सुमारे ७०० मीटर खाली येतो. सात टन वजनाची गाडी-ट्रेलरची जोडी ७०० मीटर खाली आणायची म्हणजे सुमारे १३ युनिट विजेइतकी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. हवा आणि टायर त्यातला काही वाटा घेतात. उरलेला वाटा घेणारे दोघंच: इंजिन आणि ब्रेक.

खालच्या गिअरमध्ये आणून इंजिनाच्या रोधावर उतरलं तर ब्रेक थंड राहतात. पण नवखा चालक गाडी वरच्या गिअरमध्ये ठेवून ब्रेकवर पाय ठेवतो आणि तो तसाच राहतो. चाकं तापतात, लाइनर तापतात, ती उष्णता ब्रेकच्या तेलापर्यंत पोचते. डॉट-३ प्रतीचं नवं तेल २०५ अंशांना उकळतं. पण हे तेल हवेतली आर्द्रता शोषून घेतं, आणि ओल धरलेल्या तेलासाठी प्रमाणात धरलेला किमान आकडा १४० अंशांचाच आहे. तेल उकळलं की नळीत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. मग पेडल जमिनीला टेकतं आणि गाडी थांबत नाही. त्या उतारावर रस्त्याच्या कडेला वाळू-खडीच्या वर जाणाऱ्या वाटा बांधून ठेवल्या आहेत, त्या याचसाठी: ब्रेक गेलेल्या वाहनाने त्यात घुसून रुतावं. पिवळे फलक मैलभर आधीपासून बजावत राहतात. उन्हाळ्यात गावातल्या पेट्रोल पंपावर शिरलं की डोंगरावरून नुकत्याच उतरलेल्या ट्रेलरच्या चाकांजवळ जळक्या लाइनरचा तो उग्र, घशाला लागणारा वास येतो. मालक बहुधा आत कॉफी घेत असतो. आपण अपघाताच्या किती जवळून आलो, याची त्याला कल्पनाही नसते, कारण गाडी ओढत तर छान होती.

हे ज्ञान आपल्या चालकांना पिढ्यानपिढ्या आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर, हे खंडाळ्याच्या किंवा आंबा घाटाच्या कुठल्याही जुन्या ट्रक ड्रायव्हरने क्लिनरला पहिल्या खेपेत सांगितलेलं असतं. आणि ते मोडलं की काय होतं, हेही आपण पाहिलंय. कात्रजच्या नव्या बोगद्यातून पुण्याच्या नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडलेल्या ट्रकांनी किती घरं उद्ध्वस्त केली. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका रात्रीत चाळीसहून जास्त गाड्या चेचल्या गेल्या. तिथली गाडी मालाची आणि इथली सहलीची. पण उताराला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. वजन गुणिले उंची इतकंच गणित त्याला कळतं.

वेगाचं गणित याहून कठोर आहे. गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. ताशी ५५ मैलांऐवजी ६५ ने गेलं तर थांबवायची ऊर्जा जवळजवळ ४० टक्क्यांनी वाढते. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्याला ५५ ची मर्यादा आहे. पण पश्चिमेतल्या कित्येक राज्यांत ७५ च्या रस्त्यावर ट्रेलरवालेही ७५ ने जाताना रोज दिसतात, आणि ट्रेलरच्या बऱ्याचशा टायरांची वेगमर्यादाच ६५ मैलांची असते. टायरच्या भिंतीवर ती असली तरी बारीक अक्षरांत असते, वाकून कुणी वाचत नाही.

आता डुलण्याबद्दल, कारण जाहिरातीत त्याचा उल्लेखच नसतो. ट्रेलरमधला माल मागे जास्त भरला गेला आणि हिचवरचं वजन कमी झालं, तर ठरावीक वेगानंतर ट्रेलर डावीकडे-उजवीकडे झोके घेऊ लागतो. बैलगाडीत माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून उचललं जातं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना यातली मेख सांगायला नको. फरक वेगाचा. बैलगाडी जागच्या जागी उलटते. इथे ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाला एकेक झोका आधीच्यापेक्षा मोठा होत जातो आणि तीन-चार झोक्यांत मागचा ट्रेलर पुढच्या गाडीला आडवं फिरवतो. उपाय आहे: ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंगने झोके पकडायला जायचं नाही, अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा आणि फक्त ट्रेलरचे ब्रेक हाताने लावायचे. घाबरलेल्या माणसाची स्वाभाविक प्रतिक्रिया याच्या नेमकी उलट असते. म्हणून भाड्याने ट्रेलर देणारी यू-हॉल कंपनी आपल्या ग्राहकांना ६० टक्के माल पुढच्या अर्ध्या भागात भरायला आणि ५५ मैलांच्या वर न जायला सांगते. स्वतःचा ट्रेलर विकत घेणाऱ्याला हे कुणी सांगेलच असं नाही.

इथे एक पेच आहे, आणि माझ्या मते तोच या सगळ्या प्रश्नाचा गाभा आहे. ट्रेलर डुलू नये म्हणून हिचवर वजन जास्त हवं. पण हिचवरचं वजन वाढलं की गाडीची वाहण्याची मर्यादा ओलांडली जाते, मागचा अॅक्सल दबतो, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंगची पकड जाते आणि पुढचे ब्रेक, जे थांबवायचं निम्म्याहून जास्त काम करतात, ते दुबळे पडतात. वजन वाटून देणारी हिच पुढच्या चाकांवर भार परत आणते, ते तिचं मोठंच काम. पण ती गाडीची वाहण्याची क्षमता एका किलोनेही वाढवत नाही. कमाल आकड्याच्या जवळ गेलं की दोन्हीकडून कोंडी होते: मालक हिच हलकी ठेवतो आणि डुलण्याचा धोका पत्करतो, किंवा जड ठेवतो आणि अॅक्सलची मर्यादा मोडतो. मधली सुरक्षित जागा अशा गाडीत उरलेलीच नसते.

डेन्व्हरजवळचं आमच्या ओळखीचं एक मराठी कुटुंब मागच्या काही वर्षांत या छंदात पडलं. नवरा-बायको दोघंही हिशोबी, कागदपत्रं नीट वाचणारी. ट्रेलरच्या पुस्तिकेतलं वजन गाडीच्या क्षमतेच्या दोन तृतीयांशाच्याही खाली होतं. मी आग्रह धरला म्हणून प्रवासाला निघताना आम्ही महामार्गालगतच्या ट्रकतळावर काटा करून घेतला. अमेरिकेत हे काटे ट्रकवाल्यांसाठी जागोजागी आहेत. तीन सलग लोखंडी पाट असतात: पुढची चाकं पहिल्यावर, मागची दुसऱ्यावर, ट्रेलरची तिसऱ्यावर. खांबावरचं बटण दाबून गाडीचा क्रमांक सांगायचा, आणि थोडे डॉलर दिले की छापील पावती मिळते.

पावतीवर गाडीच्या दोन अॅक्सलांची बेरीज ३,३२० किलो आली. गाडीची मर्यादा होती ३,१७५. मागचा अॅक्सलही त्याच्या मर्यादेवर होता. ट्रेलरचं पूर्ण वजन पुस्तिकेतल्या आकड्यापेक्षा काही शे किलो जास्त भरलं, कारण पुस्तिकेतलं वजन कोरड्या ट्रेलरचं असतं, त्यात पाणी, बॅटऱ्या, भरलेला गॅस, भांडीकुंडी, गाद्या, अन्न यातलं काही धरलेलं नसतं. तरीही ते जाहिरातीतल्या कमाल आकड्याच्या हजार किलो खाली होतं. मित्र पावती हातात धरून म्हणाला, "अरे, पण अजून एक टन शिल्लक आहे ना?" त्याच्या पत्नीने पावती घेतली, दाराच्या चौकटीवरचा स्टिकर वाचला आणि सगळ्या सायकली, जनरेटर आणि लाकडं मागच्या जागेतून काढून ट्रेलरमध्ये, त्याच्या चाकांच्या वर, हलवायला लावली. पाण्याची टाकी मुक्कामाच्या तळावर जाऊन भरायचं ठरलं. तरीही गाडी काठावरच राहिली. ते लोक त्या दिवशी डोंगराऐवजी मैदानाकडच्या सरोवरावर गेले, आणि पुढच्या हंगामाआधी त्यांनी लहान ट्रेलर घेतला.

जाणकार मंडळींत एक सल्ला रूढ आहे: कमाल आकड्याच्या ८० टक्क्यांवर थांबा. हेतू चांगला आहे, पण सवलत चुकीच्या आकड्यावर घेतलेली आहे. या मित्राच्या उदाहरणात ट्रेलर ८० टक्क्यांच्या खालीच होता आणि गाडी तरीही मर्यादेबाहेर गेली. शिल्लक ठेवायचीच असेल तर ती दाराच्या स्टिकरवरच्या आकड्यात आणि मागच्या अॅक्सलच्या मर्यादेत ठेवली पाहिजे. ओढायचा आकडा हा हिशोबाचा शेवट आहे, सुरुवात नव्हे. किती माणसं, किती सामान, मग हिचवर किती, आणि त्यावरून ट्रेलर किती, हा क्रम आहे. विक्रेता तो उलटा करतो आणि गिऱ्हाईक त्याच्या मागून जातं.

याला दोन आक्षेप घेतले जातात, आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिला असा की अभियंत्यांनी मर्यादेत आधीच राखीव जागा ठेवलेली असते, मग आपण आणखी कशाला सोडायची? राखीव जागा असते हे खरं. पण ती अभियंत्याने धातूचा थकवा, वेल्डिंगमधला दोष, टायरमधली कमी हवा, चौथ्या वर्षीचं ब्रेकचं तेल, अशा ठाऊक नसलेल्या गोष्टींसाठी ठेवलेली असते. ती मालकाला खर्च करायला दिलेली रक्कम नव्हे. शिवाय एखाद्या भागाची ताकद म्हणजे गाडीचा ताबा नव्हे. चेसिस तुटणार नाही याची खात्री असली तरी ओल्या रस्त्यावर सात टनांनी हुलकावणी दिली तर काय, याचं उत्तर त्यात नाही.

दुसरा आक्षेप पोटाचा आहे. गवताचे गठ्ठे, जनावरं, यंत्रं वाहणारा शेतकरी किंवा छोटा ठेकेदार मोठी गाडी कुठून आणेल? एक फेरी दोनदा करायची तर इंधन आणि दिवस कोण भरून देईल? हा आक्षेप मला जास्त बोचतो, कारण तो आपल्याकडचाही आहे. कोल्हापूर-सांगलीकडे गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्यांवर उसाची मोळी रचून जाणारा ट्रॅक्टर चढाला पुढून उठतो, हे तिकडच्या शाळकरी मुलांनीही पाहिलेलं असतं. तो चालक हौसेने वजन वाढवत नाही. वाहतुकीचा दर टनावर आहे, खेपा मोजक्या आहेत, कारखान्यावर नंबर लावून तासन्‌तास थांबायचं आहे. त्याला मर्यादा शिकवणं सोपं आहे. दर बदलल्याशिवाय ती पाळायला लावणं अवघड. आपल्या सरकारने १६ जुलै २०१८ ला ट्रकांच्या अॅक्सलभाराची मर्यादाच वाढवली, दोन अॅक्सलांच्या ट्रकचं मान्य वजन १६.२ टनांवरून १८.५ टनांवर नेलं. वाहतूक स्वस्त व्हावी, हा त्यामागचा विचार होता. कागदावरचा जास्तीचा भार त्याने कमी झाला. घाटाची उंची तीच राहिली.

म्हणूनच पोटासाठी ओढणारा आणि हौसेसाठी ओढणारा यांना मी एका मापाने मोजत नाही. पहिल्यासाठी मार्ग दरात, कर्जात, भाड्याने मिळणाऱ्या मोठ्या गाडीत शोधावा लागेल. दुसऱ्याजवळ मात्र निवड आहे. नऊ मीटरांऐवजी सहा मीटरांचा ट्रेलर घेतल्याने कुणाची चूल विझत नाही. आणि अमेरिकेच्या महामार्गावर सुट्टीच्या शुक्रवारी संध्याकाळी दिसणाऱ्या गर्दीत हौसेचे ट्रेलर भरपूर असतात.

युरोपचा दाखला इथे नेहमी दिला जातो. तिथे साध्या परवान्यावर गाडी-ट्रेलर मिळून ३.५ टनांच्या वर जायचं तर ट्रेलर ७५० किलोंच्या आत लागतो, नाहीतर जास्तीचं प्रशिक्षण किंवा परीक्षा. जर्मनीत ट्रेलरला सर्वसाधारण मर्यादा ताशी ८० किलोमीटरांची, आणि खास मान्यता असेल तर १००. मला हे नियम आवडतात. पण ते जसेच्या तसे उचलून चालणार नाही. तिथले ट्रेलर हिचवर फारच कमी वजन टाकतात, आणि ते चालतं याचं एक मोठं कारण हा कमी वेगच आहे. अमेरिकेच्या वेगाला ते वजन पुरणार नाही. म्हणजे युरोपकडून घ्यायचं असेल तर वेग आणि प्रशिक्षण घ्यावं लागेल, नुसता आकडा नव्हे. यातली वेगाची गोष्ट अमेरिकेत राजकीयदृष्ट्या कठीण आहे हे मला कळतं, कारण अंतरं प्रचंड आहेत. प्रशिक्षणाची गोष्ट इतकी कठीण नाही. मोटारसायकलसाठी अमेरिकेत परवान्यावर वेगळी नोंद लागते आणि त्याला कुणी जुलूम म्हणत नाही. चार-पाच टनांचा ट्रेलर मोटारसायकलपेक्षा इतरांना कितीतरी जास्त धोकादायक आहे.

त्याहून सोप्या दोन गोष्टी तर उद्या करता येतील. एक, जाहिरातीत ओढायचा आकडा जितका मोठा छापला जातो तितकाच मोठा, त्याच्या शेजारी, त्याच गाडीचा वाहण्याचा आकडा छापणं कायद्याने बंधनकारक करावं. मालिकेतल्या सर्वोत्तम गाडीचा नव्हे, गिऱ्हाईक ज्या गाडीसमोर उभं आहे तिचा. विक्रेत्याने चार माणसांचं कुटुंब धरून उरलेली ट्रेलरची मर्यादा लेखी काढून द्यावी. गृहकर्जाच्या कागदावर एकूण व्याज लिहून देणं बंधनकारक झालं तेव्हाही बाजार कोसळला नाही.

दुसरी गोष्ट काट्याची. ऑस्ट्रेलियातल्या काही राज्यांत पोलीस आणि रस्तेविभाग कॅरॅव्हॅनवाल्यांसाठी मोफत वजन करून देण्याचे दिवस ठेवतात. त्या दिवशी दंड होत नाही. माणूस गाडी काट्यावर आणतो, कुठे किती जास्त आहे ते अधिकारी त्याला दाखवतात, काय कुठे हलवायचं ते सांगतात आणि तो घरी जातो. कोलोरॅडोत घाटाच्या पायथ्याशी मालट्रकांसाठी बांधलेली सरकारी वजनकेंद्रं आधीच आहेत, पाट आहेत, माणसं आहेत. सुट्टीच्या हंगामात शुक्रवारी दुपारी त्यांची एक लेन पिकअप आणि ट्रेलरसाठी उघडी ठेवायला नवं काही बांधावं लागणार नाही. लोक चढायच्या आधी तिथून जातील, तेव्हा सामान हलवायला किंवा बेत बदलायला त्यांच्या हाती अजून वेळ असेल.